नऊ घरांचं सरपण

शाळेतला गुरुवारचा उपक्रम मी सुरू केला, हे खरं आहे. तेव्हा मी अकरावीत होते. आमच्या गावातली कर्ती माणसं बहुतेक स्पेनला नाहीतर इटलीला निघून गेलेली. डॅन्यूबकाठच्या घरांत म्हातारी माणसं एकेकटी उरली होती. अंगणातल्या खोपटीतून लाकडं घरात आणायची, हेच त्यांचं हिवाळ्यातलं सगळ्यात अवघड काम. म्हणून मी वर्गात उभी राहून म्हणाले, दर गुरुवारी आपण जाऊ आणि शेगडीजवळ आठवड्याचं सरपण रचून येऊ. अकरा जण तयार झाले. नऊ घरं ठरली.

मला आणि स्पासला त्सोना आजीचं घर मिळालं.

"लाकडं आणलीत की नुसता फोटोच काढायचाय?" ती दारातच विचारायची. पहिल्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका मानोवाबाई कॅमेरा घेऊन आल्या होत्या, ते तिने कधी विसरू दिलं नाही.

"फोटो झाला की, आजी," स्पास म्हणायचा. "डोळे मिटलेत तू त्यात."

"मिटणारच. तुझं थोबाड समोर होतं ना!"

मग ती पावाच्या जाड कापांवर भाजलेल्या मिरच्यांची लाल चटणी थापून द्यायची आणि आम्ही खाईपर्यंत उभी राहायची.

फेब्रुवारीत जिल्ह्याचं बक्षीस आम्हाला जाहीर झालं. समारंभ नेमका गुरुवारी होता.

"आणि घरं?" मी मानोवाबाईंना विचारलं.

"एक गुरुवार चुकला म्हणून आभाळ कोसळतं का गं? बुधवारीच उरकून टाका. आणि भाषण तू करायचंस."

बुधवारी स्पास तापाने पडला होता. मला भाषण पाठ करायचं होतं. बाहेर आदल्या दिवशीचा बर्फ गोठून काचेसारखा झाला होता. मनात म्हटलं, गेल्या वेळी भरपूर रचलंय, आजीला पुरेल. मी गेले नाही. घरांच्या यादीत मात्र तिच्या नावापुढे जाऊन आल्याची खूण केली.

समारंभात मी म्हणाले, "आमच्या गावात एकही म्हातारं माणूस एकटं नाही." ते वाक्य माझंच होतं. टाळ्या झाल्या. येताना बसमध्ये सगळे गात होते, मीही गायले.

शुक्रवारी सकाळी टपालवाल्याला त्सोना आजी खोपटीच्या दाराशी पडलेली सापडली. ती आदल्या दिवशीच लाकडं आणायला बाहेर पडली असावी, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या तासाला गणिताच्या सरांनी वर्गात सांगितलं. मला काहीच झालं नाही. वही उघडी होती, मी पुढचं गणित सोडवलं. उत्तर बरोबर आलं. घरी आई म्हणाली, "रडून घे गं, बरं वाटेल." मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले. मग भूक लागली म्हणून जेवले.

अंत्यविधीला आजीचा मुलगा वेलिन स्पेनहून आला. फाटकावर तिचा फोटो असलेला निधनाचा कागद चिकटवला होता. वेलिन आल्यागेल्याला, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, तिच्या नावाने साखर घातलेले उकडलेले गहू कागदी पेल्यातून देत होता.

"तू झोर्नित्सा ना?" तो म्हणाला. "दर रविवारी फोनवर तुझंच चालायचं. पोरगी हाडकुळी आहे, पण लाकूड नीट रचते, म्हणायची."

"बुधवारी मी यायला हवं होतं," मी म्हणाले. "आले नाही. आणि आले असं लिहिलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नव्हता. दोन दिवस प्रवासात झोप न मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"हे मला कशाला सांगतेस?"

"दुसऱ्या कोणाला सांगू?"

त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कोणीतरी त्याचा हात धरला आणि तो तिकडे वळला. मी गहू खाल्ले. ते गोड असणार.

सोमवारी मी ते आमच्या गटातल्या सगळ्यांनाही सांगितलं.

"मग हिला काढायचं का?" इस्क्रा म्हणाली. वर्गात पहिली येणारी मुलगी ती. तिला सगळ्याचा निकाल लागलेला हवा असतो.

"काढा," मी म्हणाले.

"काढा म्हणे! आणि आठ घरं कोण करणार, तुझा काका?" स्पास इस्क्रावर खेकसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताप नसता तरी त्या बर्फात मीही बहुतेक गेलो नसतो. खुणा आपण करायच्याच नाहीत. ज्याच्या घरी जाऊ, त्यानेच सही करायची."

तसं ठरलं. मी मानोवाबाईंनाही जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "झालं ते झालं. बाहेर बोलू नकोस," म्हणाल्या. प्रमाणपत्र त्यांनी मुख्य जिन्यापाशी लावलं. मी रोज त्याच जिन्याने वर जाते.

पुढच्या गुरुवारी मला दोन घरं मिळाली; पहिलं हारालांपी आजोबांचं. त्यांना कमी ऐकू येतं. लाकडं ओली आहेत म्हणून ते कुरकुरले. मी सगळी काढून सुकी वर आणि ओली खाली अशी पुन्हा रचली. मग यादी पुढे केली.

"हे काय?"

"सही, आजोबा! मी आले होते म्हणून!"

"दिसतेयस की समोर. सही कशाला?"

"लागते!"

त्यांना चष्मा सापडेना. त्यांनी कपाट उघडलं, उशीखाली पाहिलं, मग शेगडीमागे. मी दारात उभी होते. घाई नव्हती. चष्मा कोटाच्या खिशात निघाला. त्यांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर काढत लिहिलं. मी कागद घडी करून घेतला आणि पुढच्या घराकडे निघाले.