धरण कोणाचे

आगा रहमतीने गरम सांगक रोटी कागदात गुंडाळून पुढे केली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

"तुमच्याकडून काय घ्यायचं, मोहंदेस? दुकान तुमचंच आहे."

"तुमची कृपा. पण घ्या," कियुमर्स म्हणाला.

"छे छे, लाजवू नका."

"घ्या हो, माझ्या गळ्याची शपथ."

तिसऱ्या खेपेला रहमतीने पैसे घेतले, कारण तिसऱ्या खेपेला घ्यायचेच असतात. त्याचा पहिला नकार खरा मानून कोणी रोटी उचलून चालता झाला असता, तर रहमतीने जन्मभर त्याचे नाव टाकले असते. यालाच तआरोफ म्हणतात. इराणी माणसाला चालता येण्याआधी तो येतो, आणि टोरोंटोच्या बर्फात वीस हिवाळे काढले तरी अंगातून जात नाही. दुसऱ्याला मोठे म्हणायचे, स्वतःला धूळ म्हणायचे, आणि दोघांनीही त्यातले अक्षर खरे मानायचे नाही.

मोहंदेस म्हणजे इंजिनिअर. कियुमर्स दानेशपूरला रोटीवाला मोहंदेस म्हणे, न्हावी म्हणे, वरच्या मजल्यावरची म्हातारी म्हणे. ज्या परवाना मंडळाने म्हटल्याशिवाय इथे कोणी इंजिनिअरच्या कामाला ठेवत नाही, तेवढे ते मंडळ म्हणत नव्हते. म्हणून मोहंदेस गेली कित्येक वर्षे फरशीच्या दुकानात खोकी चढवत-उतरवत होता, आणि घरी आला की जेवणाआधी जमिनीला पाठ टेकून पडून राहत होता.

मंडळापुढे स्वतःला सिद्ध करता करता त्याच्या नाकी नऊ आले होते. गुणपत्रिका मोहोरबंद पाकिटात, विद्यापीठाकडून थेट हवी. विद्यापीठ म्हणे, आम्ही परदेशी काही पाठवत नाही, माणूस पाठवा. शेवटी शिराझच्या बहिणीने चकरा मारून पाकीट मिळवले, आणि टपालात टाकण्याआधी, भावाचे गुण बरोबर आले आहेत ना म्हणून, मायेने उघडून पाहिले. झाले, पाकीट बाद. पुन्हा अर्ज, पुन्हा चकरा, मग भाषांतर, मग भाषांतर करणाऱ्याचा शिक्का. एवढे होऊन मंडळाने पदवी मान्य केली ती अर्धीच. तुमचा अभ्यासक्रम आमच्या तोडीचा आहे याची खात्री पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा एक तर ढीगभर परीक्षा द्या, नाही तर मुलाखतीला येऊन दाखवा की एखाद्या मोठ्या कामाचे निर्णय तुम्ही स्वतः घेतलेत. ते पटले तर परीक्षा माफ.

पन्नाशीला टेकलेल्या, पाठ गेलेल्या माणसाने दिवसभर फरश्या उचलून रात्री विशीतली गणिते करायची! कियुमर्सने स्वतःशी कबूल करून टाकले होते की परीक्षा लागल्या तर संपले. मुलाखत ही एकच वाट होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको महवश चहाचे पेले घेऊन समोर बसली. साखरेचा खडा दातात धरून तिने मंडळाचा आवाज काढला.

"चेश्मेसर्दच्या धरणाच्या सगळ्या नकाशांवर मोहंदेस तवक्कोलींची सही आहे. मग तुम्ही तिथे काय करत होतात? चहा?"

"उस्तादांच्या हाताखाली आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"सगळे कोण?"

"महवश, असं एकदम कसं सांगायचं?"

"तोंडाने सांगायचं! आपली तराने जन्मली तेव्हा इस्पितळात मी एकटी होते. का? कियुमर्स धरणावर आहे. ती पहिल्यांदा चालली, कियुमर्स धरणावर. तिला गोवर आला, कियुमर्स धरणावर. आणि आता म्हणतोस धरण तवक्कोलींचं? मग तू इतकी वर्षं डोंगरात होतास कुठे?"

खरी गोष्ट दोघांनाही माहीत होती. धरणाचा पाया खणायला घेतला त्याच वर्षी तवक्कोलींना कंपवात जडला. आधी हात गेले, मग आकडेही निसटायला लागले. तेहरानला कळले असते तर त्यांना दुसऱ्याच दिवशी घरी बसवले असते, आणि त्या माणसाकडे कामाशिवाय दुसरे काही नव्हते. म्हणून कियुमर्सने तोंडाला कुलूप लावले. निर्णय तो घ्यायचा, हिशेब तो करायचा, आणि पहाटे, हात जरा शांत असताना, कागद दाबून धरून उस्तादांची सही घ्यायचा. धरण उभे राहिले, उस्तादांचा सत्कार झाला, आणि पुढे ते त्याच मानात गेले.

"ते गेले रे," महवश आवाज उतरवून म्हणाली. "मेलेल्या माणसाला आता कोण घरी बसवणार आहे?"

"त्यांची बायको आहे. अफसर-खानमला उद्या कोणी म्हटलं की तुमचा नवरा नुसता सह्या करत होता, तर?"

"आणि मी तुझी कोण आहे?"

पेला खाली ठेवून तो म्हणाला, "सांगतो. उद्या सांगतो." आणि त्याने मनापासून ठरवलेही होते. इथल्या गोऱ्या लोकांना तवक्कोली कोण हे ठाऊकही नाही. त्यांच्यापुढे बोललेले शिराझला अफसर-खानमपर्यंत थोडेच पोचणार होते?

पण नशीब असे, की टेबलापलीकडच्या तिघांत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ निघाले, आर्दलान नावाचे. चाळीस वर्षांपूर्वी इस्फहान सोडून आलेले. कियुमर्स आत येताच सवयीने अर्धे उठले, मग मंडळाची आठवण होऊन पुन्हा खाली बसले.

सुरुवातीला दोघा गोऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना कियुमर्सने बरी उत्तरे दिली. मग आर्दलाननी नकाशा पुढे ओढला आणि सहीवर बोट ठेवले.

"तवक्कोली! त्यांच्या पुस्तकावर आमची अख्खी पिढी शिकली." एवढे ते फारसीत बोलले. मग खाकरून मंडळाच्या भाषेत आले. "पायाच्या खडकात भेगा निघाल्यावर काम थांबवून आराखडा बदलला गेला. हा निर्णय कोणाचा?"

कियुमर्सला ती सकाळ आठवली. उस्ताद तंबूत खुर्चीवर बसलेले, हात गोधडीखाली लपवलेले. "तू म्हणशील तसं कर, बेटा. मला आता दिसत नाही काही," असे म्हणाले होते. नकाशांचा ढीग समोर होता आणि त्यांना दिसत नव्हते.

"उस्तादांचा," कियुमर्स म्हणाला.

"मी पुन्हा विचारतो," आर्दलान सावकाश म्हणाले. "निर्णयात तुमचा वाटा काय होता?"

"माझा कसला वाटा? आम्ही त्यांच्या सावलीत शिकलो."

आर्दलाननी चष्मा काढला. शेजारचे दोघे घड्याळाकडे बघायला लागले होते, तरी ते थांबले. "मोहंदेस, इथे आपण दुकानात नाही. तिसऱ्यांदा विचारतोय. तो निर्णय कोणी घेतला?"

रहमतीसुद्धा तिसऱ्या खेपेला हात पुढे करतो. कियुमर्सला समजत होते की हा भला माणूस दार उघडून धरून उभा आहे. तो गोरा असता तर कदाचित सांगून झालेही असते. पण समोर आपल्याकडचा, वडिलांच्या वयाचा, उस्तादांच्या पुस्तकावर शिकलेला माणूस होता, आणि त्याच्या तोंडावर 'तुमचे तवक्कोली तेव्हा कामातून गेले होते' म्हणायला कियुमर्सची जीभ उचलेना.

"मोठी कामं मोठी माणसंच करतात," तो म्हणाला.

आर्दलाननी चष्मा घातला आणि कागदावर काहीतरी लिहिले. शेजारच्या बाईने हसून कियुमर्सचे आभार मानले.

उत्तर नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, आधी आले. अर्जदाराने मोठी जबाबदारी स्वतंत्रपणे पेलल्याचे दिसून येत नाही, सर्व परीक्षा द्याव्यात. महवशने ते वाचले, घडी घातली आणि मासा धुवायला गेली. भांडली असती तर बरे झाले असते, असे कियुमर्सला वाटले. ती भांडली नाही. इतकी दमलेली त्याने तिला कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे फरशीच्या दुकानात गेला.

नवरोजला धाकट्यांनी थोरांना फोन करायचा असतो. सणाचा भात आणि मासा खाऊन झाल्यावर कियुमर्सने शिराझला अफसर-खानमना लावला आणि महवशलाही ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. खानम ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत.

"शंभर वर्षं जगा रे दोघं! दमला नाहीस ना? तराने कशी आहे? आणि तुझ्या बहिणीने सांगितलं, तुझी कसली मुलाखत होती म्हणे?"

"झाली, खानम."

"अरे, त्यात काय अवघड तुला! तवक्कोली तर ज्याला त्याला सांगत सुटायचे. लग्न असो, मयत असो. 'चेश्मेसर्द माझं नाही, कियुमर्सचं आहे. मी नुसत्या सह्या केल्या.' सत्काराच्या दिवशी गव्हर्नरच्या तोंडावर म्हणाले! लोक काय टाळ्या वाजवायचे! म्हणायचे, बघा, एवढा मोठा माणूस आणि केवढा हा विनय."

महवशचा हात पेल्यावर थांबला. कियुमर्स फोनकडे बघत राहिला. ज्या गोष्टीपायी त्याने इतकी वर्षे जीभ चावून धरली, ती म्हातारा गावभर ओरडून सांगत होता, आणि गावाला तो तआरोफ वाटत होता.

"खानम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तो तआरोफ नव्हता. ते धरण मी बांधलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला ठाऊक नाही का रे?" खानम म्हणाल्या. "शेवटची कित्येक वर्षं त्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. ज्याला स्वतःचं बटण लावता येत नाही तो डोंगरात धरण बांधतोय, हे मी खरं मानलं असेल? त्यांना फार लागायचं ते. म्हणायचे, अफसर, खरं सांगतो तर कोणी ऐकतच नाही."

कियुमर्सने फोन जरा जवळ ओढला.

"तिकडे सांगितलंस ना पण हे? त्या लोकांना आपला तआरोफ कुठला कळायला! जे सांगशील ते तिथल्या तिथे खरं मानतील."

"हो, खानम. सांगितलं."

"मग? मानलं ना त्यांनी?"

त्याने महवशकडे पाहिले. ती त्याच्याकडेच बघत होती.

"मानलं," तो म्हणाला.

"देवाचे उपकार! आता त्यांच्या जिवाला शांती मिळेल," म्हणत म्हातारी फोनवर रडायला लागली, आणि महवश उठून ताटे गोळा करू लागली.