गच्चीवरचे दोन व्हॉल्व

सकाळी साडेनऊला मशीनताई गच्चीवर गेली ती सवयीने. टाकीत काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि खाली येऊन फळ्यावर आकडा लिहायचा. नळाला दर चौथ्या दिवशी पाणी यायला लागल्यापासून हे रोजचंच झालं होतं. आज काठी बाहेर काढून तिने ती अंगाशी उभी धरली. दोन तासांपूर्वी छातीपर्यंत असलेली ओल आता जेमतेम गुडघ्यापर्यंत होती.

खाली डायलिसिस केंद्रात चार माणसांचं रक्त तिच्या देखरेखीखालच्या चार मशीनमधून फिरत होतं.

एका मशीनला मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाणी लागतं आणि ते तयार करताना फिल्टर तेवढंच खारट पाणी बाहेर टाकतो. ते वाया जाऊ नये म्हणून तिनेच केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून दुसरी टाकी बसवून घेतली होती. ते पाणी संडासाला, फरशीला आणि तळमजल्यावरच्या लाँड्रीला चादरी भिजवायला जायचं. अख्खी इमारत तिला थट्टेने कंजूष म्हणायची आणि तिला ते आवडायचं.

ती पाइपांच्या मागे मागे धावत गेली. जिन्याशेजारी, लाँड्रीकडे उतरणाऱ्या पाइपवर, दोन टाक्यांचे दोन व्हॉल्व होते. खारट पाण्याचा बंद होता आणि चांगल्या पाण्याचा सताड उघडा. खाली डोकावली तर लाँड्रीचा हौद ओसंडून मागच्या गटारात नितळ पाणी वाहत होतं. गच्चीची किल्ली एकच, ती तिच्याच कमरेला. आठ वाजता आईशी फोनवर बोलता बोलता तिनेच खारट पाण्याचा समजून हा व्हॉल्व फिरवला होता.

तिने तो बंद केला. मग तिने पुन्हा काठी बुडवली. तळाचा गाळ सोडून एकशेसाठ लिटर, म्हणजे चौघांना चाळीस मिनिटं. अजून दोन तास बाकी होते आणि टँकरवाला फोनवर म्हणाला, "तीनच्या आत जमणार नाही."

तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. किती पाणी उरलंय ते सांगितलं.

"शिक्षिकाबाईंचं सोमवारचं डायलिसिस चुकलंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मुलांच्या परीक्षा होत्या. सकाळी पोटॅशियम साडेसहा होतं."

"मग त्यांचं थांबवू नकोस. हृदयावर येईल. बाकी तिघांचं रक्त परत दे, त्यांचं संध्याकाळी पूर्ण करू."

"डॉक्टर, चुकीचा व्हॉल्व माझ्याच हातून उघडला गेला."

"ते नंतर बघू. आधी मशीन."

तिने चौघांना खरं तेच सांगितलं. शिंपीकाका म्हणाले, "म्हणजे मला अर्धाच शिवून घरी पाठवणार. बरं, काजं-बटणं संध्याकाळी." बेकरीवाल्या काकूंनी हात पुढे केला. निवृत्त पोस्टमन मात्र भडकले. "आम्ही दोन मग पाण्यात अंघोळ करतो, तू सांगितलंस म्हणून. आणि तू गटारात सोडलंस?" ती खाली मान घालून त्यांच्या नळ्या सोडवत राहिली.

शिक्षिकाबाईंनी तिचं मनगट धरलं. "मला काही होणार नाही ना?"

"मी इथेच आहे," ती म्हणाली. होणार नाही असं म्हणायला जीभ रेटेना.

तीन मशीन धुऊन बंद करण्यात बरंच पाणी खर्ची पडलं. सफाईवाल्या मावशी गच्चीवरून काठीचा आकडा ओरडून सांगत होत्या. चार बोटं. तीन. दोन. मशीनताईची नजर शिक्षिकाबाईंच्या हृदयाच्या आलेखावरून हलत नव्हती. त्यातली पोटॅशियम वाढलं की उंचावणारी टोकदार रेघ तिला उगाचच वाढल्यासारखी वाटली, मग नाही, मग पुन्हा वाटली. पंचवीस मिनिटं उरली असताना फिल्टर खरखरला आणि मशीन कोकलायला लागलं. पाणी संपलं होतं. रक्त फिरत होतं, पण साफ होत नव्हतं.

ती जिन्यावरून ओरडतच उतरली. लाँड्रीवाला इस्त्री ठेवून बाहेर आला. "काय झालं ताई?"

"चांगलं पाणी आहे का? कुणाकडेही, कितीही?"

"तुम्हीच तर दिलंत सकाळी. साबणाला फेस असा आला की म्हटलं, आज ताईंनी मीठ काढून पाठवलं. दोन पिंपं झाकून ठेवलीत मी."

तिला रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता. त्याने आणि वडिलांना न्यायला आलेल्या शिंपीकाकांच्या मुलाने चार बादल्या वर आणल्या. तिने त्यातलं पाणी तपासून फिल्टरला पाणी पुरवणाऱ्या ड्रममध्ये ओतलं. मशीन गप्प झालं आणि शिक्षिकाबाईंचं रक्त पुन्हा साफ होऊ लागलं.

मशीनवरून सुटल्यावर शिक्षिकाबाईंचं पोटॅशियम साडेचारवर उतरलं. त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या.

टँकर चारला आला. संध्याकाळी तिघंही परत आले, पोस्टमनसुद्धा. तिने घटना-वहीत स्वतःचं नाव लिहून सही केली होती आणि वही टेबलावर उघडीच ठेवली होती. पोस्टमननी चष्मा लावून ती वाचली आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. सुई लावताना तिने त्यांची शीर दोनदा चाचपली.

"सावकाश," ते म्हणाले. "मला घाई नाही."