परक्या मातीत नको

नोरीनच्या पणजोबांना डोक्याशिवाय पुरलं होतं. सरोवराकाठच्या त्या आदिवासी वस्तीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. पीटर त्यांचं नाव. शहरातल्या इस्पितळात ते वारले, आणि तिथल्या एका डॉक्टरने त्यांचं शिर कापून समुद्रापार एका विद्यापीठाला पाठवून दिलं. गोऱ्यांचा मेंदू मोठा आणि काळ्यांचा लहान, हे तिथल्या विद्वानांना कवट्यांत मोहरी भरून, ती मोजून सिद्ध करायचं होतं. इकडे पणजीच्या हाती बंद पेटी आली. उघडून दाखवा म्हणून ती रडली, पण तिचं कोण ऐकणार?

शंभरावर वर्षं उलटल्यावर त्या विद्यापीठाने कवट्या परत केल्या. आल्या मात्र दोन, एकाच खोक्यातून. दोन्ही पुरुषांच्या आहेत आणि त्यांतली एक पीटर यांची असावी, यापलीकडे पाठवणाऱ्यांना काही सांगता आलं नाही.

"दोन्ही आपल्याच टेकडीवर पुरू," नोरीन म्हणाली. सत्तरी उलटलेली बाई, वस्तीत तिचा शब्द खाली पडत नसे.

तिच्या भावाची मुलगी केलीन शहरात प्रयोगशाळेत काम करायची. शिकलेली, पण आत्यापुढे चाचरत बोलणारी. "आत्या, एकेका दातातून चिमूटभर भुकटी काढली आणि तुझी थोडी लाळ घेतली, तर कोण आपलं ते कळेल."

"अजून कापाकापी? त्यांचं पोट भरलं नाही म्हणून आता तू आलीस होय?"

"मी त्यांच्यातली नाही गं."

"हत्यार तेच ना पण!"

केलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. नोरीनने मान फिरवली आणि उगाचच चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

नोरीनला ते हत्यार चांगलं माहीत होतं. ती सात वर्षांची असताना शाळेच्या आवारात काही माणसं आली होती. त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि कानशिलांना पोलादी चिमटा लावून डोकी मोजली, केस कापून घेतले, कातडीशी रंगीत पट्ट्या धरून पाहिल्या. तिची थोरली बहीण आयव्ही रंगाने उजळ. तिच्यापाशी ते बराच वेळ थांबले. "हिच्यात गोरं रक्त जास्त आहे, ही अजून सुधारेल," त्यांतला एक म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात सरकारी गाडी आली. आई गाडीमागे धावली, पडली, तिचे गुडघे फुटले. आयव्हीला दूर एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी मोलकरीण म्हणून ठेवलं आणि सांगितलं, तुझी आई मेली. ती परतली तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि तोवर आई खरोखरच गेली होती.

आता दोघी बहिणी शेजारी शेजारी राहत. आयव्ही फारशी बोलत नसे. वस्तीची भाषा तिच्या तोंडी कधी नीट बसलीच नाही. केलीन आली त्या दिवशी मात्र ती दारातून सगळं ऐकत होती.

"नोरीन, दोघांना पुरशील. पण दुसरा कोण आहे?"

"असेल कोणी बिचारा. आपल्यात राहील की सुखाने."

"मीही बिचारीच होते ना," आयव्ही म्हणाली. "त्या घरात मला चांगलं जेवण होतं, पांढरी चादर होती. बाईने कधी हात उगारला नाही. आणि रोज सकाळी उठून मला वाटायचं, मी इथे का आहे? त्याचीही माणसं कुठेतरी वाट बघत असतील. त्याला परक्या मातीत नको निजवूस."

"ताई, पण तुझं वाटोळं ह्या असल्या मोजणाऱ्यांनीच केलं!"

"म्हणून तर सांगतेय. मला उचलून नेताना त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. ही पोर विचारतेय." मग ती केलीनकडे वळली. "आम्ही समोर बसू. उरलंसुरलं सगळं परत आणायचं. तुझ्या साहेबांना त्यातलं काडीइतकंही द्यायचं नाही."

"नाही देणार, आत्या."

नोरीन रात्रभर तळमळली. सकाळी ती स्वतःच केलीनच्या गाडीत जाऊन बसली. प्रयोगशाळेत केलीनने दातांतून भुकटी काढली तेव्हा नोरीन त्या दोघांशी आपल्या भाषेत बोलत होती. दुखवतोय, माफ करा, घरी न्यायचंय म्हणून चाललंय हे.

महिन्याभराने केलीन आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत्या, त्यांत पीटर नाहीत."

"मग कोण आहेत?" नोरीनने विचारलं.

"एक माणूस पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा आहे. दुसरी... दुसरी बाई आहे. तुझ्या आईच्या, आजीच्या वंशातली. आपलीच."

"बाई? ते तर दोन्ही पुरुष म्हणाले होते!"

"चुकीचं सांगितलं त्यांनी."

आपल्यातली एक बाई नेली गेली आणि कुणाच्या आठवणीतही राहिली नाही! पणजोबांसाठी चार पिढ्या रडल्या, हिच्यासाठी एक टिपूसही गळलं नव्हतं. नोरीनला रडू आलं ते आधी त्याच लाजेचं होतं.

पश्चिमेकडचे लोक दोन दिवस गाडी हाकत आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने आपलं माणूस छातीशी धरलं आणि शुद्धीसाठी पेटवलेल्या ओल्या फांद्यांच्या धुरातून चालताना तो लहान मुलासारखा हुंदके देत राहिला. जाताना त्याने नोरीनचे दोन्ही हात हाती घेतले. "बाई, तुम्ही याला ठेवून घेतलं असतं, तर आम्हाला कधीच कळलं नसतं."

नोरीनने आयव्हीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळच्या आत त्या अनोळखी बाईला टेकडीवर पुरलं. पीटर यांच्या थडग्याशेजारी जागा होती, पण नोरीनने तिला बायकांच्या बाजूला, आपल्या आईजवळ ठेवलं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तिला आजीच म्हटलं. नोरीनने जुनं विलापाचं गाणं धरलं. आयव्हीला त्याचे शब्द येत नव्हते. ती धाकट्या बहिणीच्या ओठांकडे बघत, एकेक शब्द मागून म्हणत राहिली, आणि ती चुकली की नोरीन थांबून तो शब्द पुन्हा सांगत होती.