गुरुवारपर्यंत गोरा

मिसेस वेर्लीन टिसडेल माझ्या कचेरीत आल्या, तेव्हा त्यांनी हॅट काढली नाही, हातमोजे काढले नाहीत आणि खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. नवरा तीन दिवस घरी आला नव्हता. अशा बायका माझ्याकडे आठवड्याला दोन तरी येतात. त्यांचे नवरे बहुधा दोन गल्ल्या पलीकडे सापडतात, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, पायात सपाता घालून. पण हे प्रोफेसर टिसडेल होते; आमच्याकडे शाळामास्तरालाही प्रोफेसर म्हणतात. त्यांनी मला आठवीत अंकगणित शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. हा माणूस परक्या स्वयंपाकघरात गेला असता तर तिथल्या वाणसामानाच्या यादीतल्या चुका काढून परत आला असता.

माझी कचेरी काळ्यांच्या वस्तीत, बील स्ट्रीटवर, न्हाव्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. दारावर नुसतं ‘चौकशी’ लिहिलं आहे. गुप्तहेराचा परवाना मागायला मी एकदा गेलो होतो, तेव्हा खिडकीतल्या साहेबाने मला झाडू कुठे ठेवलाय ते दाखवलं. मी तो झाडू घेऊन आलो. पिस्तुलापेक्षा त्याचाच मला जास्त उपयोग झाला आहे.

प्रोफेसरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते आमच्यातलेच, पण दिसायला आमच्या महापौरांपेक्षा गोरे. डोळे घारे, केस सरळ आणि भुरे. त्यांच्या आजोबांचं नाव घरात कोणी घेत नसे, पण गावातल्या एका रस्त्याला ते दिलेलं होतं. अनोळखी माणूस त्यांना गोरा समजायचा आणि ते दर वेळी ती चूक दुरुस्त करायचे. बसवाल्याने पुढची, गोऱ्यांची जागा दाखवली की खणखणीत आवाजात सांगायचे, “मी निग्रो आहे,” आणि मागे जाऊन उभे राहायचे. एकदा यापायी मार खाल्ला, पुढचा दात गेला. दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये चढले आणि तेच वाक्य बोलले, फक्त थोडं बोबडं. मिसेस टिसडेल मात्र माझ्याइतक्याच काळ्या, आणि मी चांगलाच काळा आहे.

बाईंनी शोध घ्यायचं बाकी ठेवलं नव्हतं. हॉस्पिटलमधला आमचा वॉर्ड, तुरुंगातली आमची कोठडी, शवागारातली आमची खोली, सगळीकडे जाऊन आल्या होत्या. मीही पुन्हा फिरलो. मग आमच्या तिन्ही अंत्यविधीवाल्यांकडे गेलो, कारण आमच्याकडे कोणाला अपघात झाला की त्यांचीच गाडी येते. माणूस जिवंत असला तर हॉस्पिटलात नेतात, नसला तर एक फेरी वाचते. तिघांनीही प्रोफेसरांना उचललं नव्हतं. एकाने, सापडले तर आधी आपल्याला कळवा, असं सांगून ठेवलं.

शेवटी मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बूटपॉलिश करणारा म्हातारा टोबायस भेटला. आमच्यापैकी कोणाला काही झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. शुक्रवारी एका गोऱ्याला मात्र बर्फाच्या ट्रकने उडवलं होतं. बघ्यांच्या गर्दीत कोणीतरी त्याचं पाकीट मारलं, आणि चार मिनिटांत पांढरी रुग्णवाहिका येऊन त्याला घेऊन गेली. गोरा कसा होता, असं मी विचारलं.

“मास्तरासारखा वाटला,” टोबायस म्हणाला. “रस्त्यात आडवा पडला होता, पायाचा चेंदामेंदा, आणि ट्रकवाल्याला सांगत होता, तुझी बाजू चुकली. एवढं बोलून मग बेशुद्ध पडला.”

पाकिटात आमच्या काळ्यांच्या शाळेचं ओळखपत्र होतं. ज्या चोराने ते मारलं, त्याला मी अजून शोधतोय. त्याचे आभार मानायचे आहेत.

मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. लगेच उठल्याही, नवऱ्याला आणायला. मला दारात आडवं उभं राहावं लागलं.

कॅलोवे हॉस्पिटलमध्ये मी आधीच चौकशी केली होती. तिथे ज्युनियस नावाचा आमचा एक म्हातारा सफाईवाला आहे. त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती असते, कारण डॉक्टर त्याच्यासमोर काहीही बोलतात. दुसऱ्या मजल्यावर गोऱ्यांचा वॉर्ड, सहा मोठ्या खिडक्या. आमचा वॉर्ड तळघरात, बॉयलरच्या शेजारी. वरच्या सर्जनने ठरवलं होतं की गुरुवारी सकाळी हाडात सळई घालून पाय वाचवायचा. तळघरात सर्जन शनिवारी उतरतो, आणि शनिवारपर्यंत असल्या पायात वाचवण्यासारखं काही उरत नाही. मग करवत. नशीब बरं असेल तर माणूस त्यातून उठतो. बाईंनी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन “माझा नवरा” एवढं म्हटलं असतं, तरी त्या जिना चढेपर्यंत नवरा तळघरात पोचला असता.

बाई बराच वेळ हातमोज्याची बोटं ओढत राहिल्या.

“शुद्धीवर आहेत?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही.”

“म्हणजे अजून गोरे आहेत.”

“तोंड उघडेपर्यंत,” मी म्हणालो. आम्ही दोघंही त्या तोंडाला ओळखत होतो.

मंगळवारी सकाळी ज्युनियसचा राखाडी सदरा घालून, बादली आणि पोछा घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. कोणी विचारलं नाही. हातात बादली असली की या शहरात मला बँकेच्या तिजोरीतही सोडतील. प्रोफेसर खिडकीजवळच्या खाटेवर होते, डोक्याला बँडेज, पाय दोरीने टांगलेला. दुपारी त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या खाटेखालची फरशी पाचव्यांदा पुसत होतो. खाली वाकूनच मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग वॉर्डभर नजर फिरवली. एकेक गोरा मोजला असावा.

“लेमुएल,” ते कुजबुजले, “ही चूक आहे.”

“हो सर. गुरुवारपर्यंत असू दे.”

“मी आयुष्यात एकदाही—”

“माहीत आहे, सर. सगळ्या गावाला माहीत आहे. हा वॉर्ड तेवढा राहिलाय.”

ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, पुन्हा शुद्ध गेली. पण ते विचार करत होते. गप्प बसायला ते तयार झाले, पण एका अटीवर. रोज वेर्लीन दिसली पाहिजे. आता हा माणूस पाय जायची पाळी आलेली असताना अटी घालत होता. पण ज्या वर्गात त्यांनी तीस वर्षं अटी घातल्या, त्यात मीही बसलो होतो, तेव्हा बोलून उपयोग नव्हता.

बुधवारी दुपारी मिसेस टिसडेल बादली घेऊन आल्या. बील स्ट्रीटवर त्यांचं केस सरळ करायचं दुकान आहे. तिथे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पाद्रीबाईंचीही हिंमत नाही. इथे डोक्याला फडकं बांधून त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि मिस हॅचर नावाची पंचविशीतली नर्स त्यांना “ए पोरी” म्हणत होती. बाई बावन्न वर्षांच्या आहेत. मी पलीकडच्या कोपऱ्यात पोछा पिळत होतो, आणि मला जे वाटत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुसत पुसत त्या खाटेपाशी पोचल्या. चादरीखालून प्रोफेसरांचा हात बाहेर आला. बाईंनी तो धरला. साबणाच्या पाण्याने ओला झालेला हात, तसाच. मी मनात म्हणालो, सोडा, बाई, आता सोडा. त्यांनी सोडला नाही. तीन दिवस हा हात आता नाही असं धरून चालल्या होत्या त्या.

मिस हॅचर मागे उभी होती.

ती ओरडली नाही. थंडपणे जवळ आली आणि प्रोफेसरांना अदबीने विचारलं, “सर, ही तुम्हाला त्रास देतेय का?”

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. प्रोफेसरांच्या चेहऱ्यावर तो भाव आला. आठवीत फळ्यावर माझं उत्तर बघून यायचा तोच. बाई तर हा भाव सव्वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर बघत आल्या होत्या. पुढचं वाक्य काय असणार ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. प्रोफेसरांनी श्वास घेतला, पण बाई आधी बोलल्या.

“माफ करा, मॅडम,” त्या मान खाली घालून म्हणाल्या. “ओळखीचे वाटले. माझी चूक झाली. हे माझे कोणी नाहीत.”

प्रोफेसर कोपरावर उठून बसले. “ही माझी बायको आहे,” ते म्हणाले. बसमधला तोच खणखणीत आवाज. “आणि मी निग्रो आहे.”

मग मिस हॅचरने बाईंकडे बघितलं. त्यांचा काळा हात, डोक्याचं फडकं, बादली. मग घाऱ्या डोळ्यांच्या प्रोफेसरांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दया आली. खरी दया, मी खोटं सांगणार नाही.

“हा माणूस तुझा कोण?” तिने बाईंना तरीही विचारलं.

“कोणी नाही, मॅडम. आज पहिल्यांदा बघतेय.”

“आणि तू रे? तू ओळखतोस?”

“नाही, मॅडम,” मी म्हणालो.

“वेर्लीन,” प्रोफेसर म्हणाले. त्या वेळी आवाज खणखणीत नव्हता.

बाईंनी वर बघितलं नाही. फरशीवर सांडलेलं पाणी पुसत राहिल्या. नर्सने प्रोफेसरांना हळूच खाली झोपवलं, डोक्याला मार लागला की असं होतं म्हणाली, आणि दंडात इंजेक्शन दिलं. पायाशी टांगलेल्या कागदावर तिने लिहिलं, ते मी नंतर वाचलं: रुग्ण भ्रमात बडबडतो. बाईंना तिथल्या तिथे कामावरून काढलं. कामावर त्या नव्हत्याच, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मागच्या दाराने बाहेर पडल्यावर त्या पायऱ्यांवर बसून रडल्या. मी शेजारी उभा राहिलो.

गुरुवारी सळई बसली. पाच आठवड्यांनी मी भाड्याची गाडी घेऊन, टोपी घालून, साहेबांचा ड्रायव्हर म्हणून गेलो. प्रोफेसर कुबड्यांवर पुढच्या दाराने बाहेर आले. मिस हॅचरने हात हलवून निरोप दिला. त्यांनी तिला काहीही सांगितलं नाही, आणि यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

अर्ध्या वाटेवर गाडीत त्यांनी तोंड उघडलं.

“ती म्हणाली, हे माझे कोणी नाहीत,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आणि त्यांनी ऐकलं तिचं. त्या इमारतीत काळ्या बाईच्या शब्दाला मान दिल्याचा तो पहिलाच दिवस असेल, लेमुएल. माझ्या शब्दाला दिला नाही.”

तुमचा पाय वाचला, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे गणिताच्या तासातल्यासारखंच बघितलं.

ख्रिसमसच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. मिसेस टिसडेलनी मला कोबीची भाजी आणि मक्याचा ब्रेड वाढला आणि समोर बसल्या. आतल्या खोलीत प्रोफेसर येरझारा घालत होते. कुबड्या गेल्या होत्या, हातात काठीही नव्हती. मी आल्याचं त्यांना कळलं होतं, पण बाहेर आले नाहीत.

“सहा आठवडे झाले, माझ्याशी एक शब्द नाही,” बाई म्हणाल्या. “मीठ हवं असलं तर चिठ्ठी लिहितात. चिठ्ठीतसुद्धा मला मिसेस टिसडेल म्हणतात.”

मी विचारलं, मी बोलून बघू का त्यांच्याशी.

“नको. त्यांचं बरोबर आहे. मी म्हटलंच तसं.” त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. “पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन.”

आतला रागावलेला माणूस भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला. पावलं जोरात पडत होती, कपाटातल्या बशा वाजत होत्या. खालच्या भाडेकरणीने दोनदा तक्रार केली होती म्हणे. रेडिओवर कोणीतरी गात होतं. बाई उठल्या, त्यांनी रेडिओ बंद केला आणि पुन्हा येऊन बसल्या. दोन्ही पावलं नीट ऐकू येत होती.