साहेब येणार म्हणून वाटलेलं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात आमचं उदगीर जिल्हा होणार, अशी पुन्हा एकदा आवई उठली. ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादपासून वेगळं झालं तेव्हा आमच्या ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आता पेढ्यांवर भागणार नव्हतं. नवा कलेक्टर आपल्याच घरात भाड्यानं राहावा, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती.

म्हणून पुढच्या खोलीत शहाबादीवर लाकडासारख्या लॅमिनेटच्या पट्ट्या अंथरल्या. एकीची कड दुसरीच्या खाचेत अडकते. खिळा नाही, सिमेंट नाही. थोड्याच दिवसांत मधोमध बोटभर फट पडली. रामकिशन मिस्त्रीनं ती ठोकून मिटवली, तर पलीकडची उघडली.

"अण्णा, ही फट तर सरकायलीय," तो ह्यांना म्हणाला.

"नव्या जिल्ह्याची हद्द असंल," मी म्हणाले. "मी आपली इकडं लातुरातच बसते."

हे हसले नाहीत. "थट्टा नको, कमल. रविवारी लातूरचे एक साहेब घर बघायला येणार हायेत. जिल्हा झाला की तेच कलेक्टर, म्हणत्यात."

त्याच खोलीत पाण्याचे ड्रम होते. अंगणातलं पाणी चोरीला जायचं आणि कुलूप लागणारी खोली तेवढीच. ड्रम भरले की वजनानं पट्ट्या दबायच्या, ओढल्या जायच्या आणि फट वासायची. रिकामे झाले की ठोकलेलं टिकायचं. हे ह्यांच्या ध्यानात आलं ते नेमकं शनिवारी, टँकर येऊन गेल्यावर.

"भरलेले ड्रम हलत न्हाईत. पाणी अंगणात काढलं तर चोर नेणार," ते म्हणाले. "त्यापेक्षा मीच वाटतो."

गल्ली घागरी घेऊन लोटली. म्हाताऱ्या संगप्पानं ह्यांचे पाय धरले. शेजारची साखराबाई माझ्या कानाशी लागली, "अक्का, अण्णाला बरं न्हाई का?"

"जिल्हा झालाय त्यांना," मी म्हणाले. लिंगपूजेपुरता एक तांब्या तेवढा मी बाजूला ठेवला.

रिकामे ड्रम बाजूला सारून रामकिशननं पट्ट्या ठोकल्या. खोली आरशासारखी दिसू लागली.

रविवारी साहेब आले. बूट काढून वाकले, सांध्यावरून अंगठा फिरवला. "वा! नखसुद्धा शिरत नाही."

ह्यांचा चेहरा फुलला.

"जरा पाणी मिळेल का?"

मी पूजेचा तांब्या दिला. ते उभ्याउभ्या सगळं प्याले. मग ड्रमचं झाकण उचललं, आत पाहिलं, दुसरं उचललं, तिसरं. झाकणं हळूच परत ठेवली.

"घर छान आहे," बूट घालत ते म्हणाले. "पण पाणी असलेलं एखादं बघतो."

हे त्या जुळलेल्या सांध्यावर संध्याकाळपर्यंत मांडी घालून बसले. पुढचा टँकर आला, ड्रम भरले, फट पुन्हा वासली. रामकिशनला कुणी बोलावलं नाही.

पण शनिवार उजाडला की साखराबाई दोन घागरी घेऊन दारात उभी.

"अण्णा, साहेब परत कधी येणार हायेत?"