पुंडलिकनगर कंपन

यंत्राला ताप आला की ते थरथरतं, हे मला चाळीस वर्षं लेथवर काढल्यावर कळलं. आमच्या शेजारच्या संघपालला तेच कळायला एम.टेक. करावं लागलं, आणि त्यानं ताप मोजला तो भलत्याचाच.

संघपाल चितेगावच्या एका कंपनीत इंजिनीअर. वय बेचाळीस, टक्कल निम्मं. कंपनीनं फर्मान काढलं, की मॅनेजरची खुर्ची एम.टेक. झालेल्यालाच मिळेल. दोन वर्षांनी येणाऱ्या जूनपर्यंत संघपाल पास झाला तर संघपाल, नाहीतर ऋतुराज. हा ऋतुराज सत्तावीस वर्षांचा, एम.टेक. होऊनच कंपनीत आलेला. आला तेव्हा जाडी मोजायचा व्हर्निअर उलटा धरायचा. सुलटा कसा धरायचा, हे संघपालनंच त्याला शिकवलं.

"बन्सीमामा," संघपाल मला म्हणाला, "बाकी सगळं सोसंल. पण त्या पोराला 'सर' म्हणायला माझी जीभ वळायची नाय."

म्हणून त्यानं नोकरदारांसाठीचा शनिवार-रविवारचा कोर्स धरला. प्रकल्प असा, की बेअरिंग मोडायच्या आधीच त्याच्या थरथरीवरून बिघाड ओळखायचा. एक छोटी मोटर, तिला बेअरिंग, बेअरिंगला सेन्सर आणि सेन्सरची वायर लॅपटॉपला. हे सगळं नटबोल्टनं आवळायला घरात एकच भक्कम जागा होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा. आणि कंपनीतून येऊन, हातपाय धुऊन, रीडिंग घ्यायची वेळ संध्याकाळी साडेसात.

त्याच ओट्यावर, त्याच साडेसातला, त्याची माय कडूबाई भाकरी थापायची.

कडूबाईचा हात म्हणजे काय सांगू! ती थापायला लागली की आमच्या घरातली ताटं मांडणीवर उभ्या उभ्या नाचायची. चिकलठाण्याला विमान उतरताना आतल्या लोकांना वाटायचं, चाकं टेकली. अन् विमान अजून ढगातच. खोटं वाटत असेल तर विमानाला विचारा.

पण संघपालला काही ऐकू यायचं नाही. जन्मापासून ऐकलेला आवाज तो, घरातल्या घड्याळासारखा. बंद पडला तरच कळणार. तो ओट्याकडं पाठ करून लॅपटॉपमध्ये डोळे घालून बसायचा. आणि आलेखावर काय दिसायचं? चाळीस सेकंद डोंगर, मग सपाट माळ, मग पुन्हा डोंगर. रोजचे बारा. रविवारी अठरा. मेहुणा सहकुटुंब आला तर सव्वीस.

त्याचे गाईड अप्पाराव सर तर खुर्चीवरून उठलेच. "संघपाल, असा दोष जगाच्या पाठीवर कुणाला सापडला नाही! बेअरिंग थकतं, विसावा घेतं आणि पुन्हा थकतं!" त्यांनी आमच्या वस्तीच्या नावानं दोषाचं बारसं केलं, 'पुंडलिकनगर कंपन'. संघपालनं त्यावर साठ पानं लिहिली.

गुरुवारी त्यांच्याकडं खिचडी असायची. त्या दिवशी एकही डोंगर नाही. प्रबंधात वाक्य पडलं, 'आठवड्यातून एकदा हा दोष स्वतःहून बरा होतो.'

मला माहीत होतं का? व्हय, दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण मला कुणी विचारलं नाय. शिवाय त्या बारांतली एक भाकर माझी असायची.

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या शनिवारी यंत्र मांडीवर घेऊन रिक्षात मीच बसलो होतो. परीक्षक म्हणून तनुजा मॅडम पुण्याहून आलेल्या. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी आवळलेले नट सैल व्हायचे. कॉलेजच्या टेबलावर यंत्र बसवलं, मोटर सुरू झाली. आलेख निघाला तो फळी मारलेल्या रानासारखा सपाट.

"कुठंय तुमचा दोष?" मॅडमनी विचारलं.

"येईल, मॅडम."

"कधी?"

"साडेसातला."

"दोष घड्याळ बघून येतो?"

"वारही बघतो, मॅडम. आज शनिवार आहे, म्हणजे येणारच. गुरुवार असता तर नसता आला."

अप्पाराव सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. संघपालच्या कपाळावरून घाम निघाला तो टकलाकडं, म्हणजे उलटा, वर चढताना मी पाहिला.

"घरी येतो हो, मॅडम! रोज येतो! दोन वर्षांची रीडिंग हायत माझ्याकडं!"

मॅडमनी टोपण परत लावलं. "मग चला घरी. तिथं नाही आला, तर मात्र नापास."

आम्ही सगळे पुंडलिकनगरला आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कडूबाई दारातच उभी. "जय भीम, या बाई, या सायेब. जेवल्याबिगर कुणी जायचं नाय." तिनं परातीत पीठ घेतलं. संघपालनं यंत्र ओट्यावर आवळलं. इकडं मोटर सुरू, तिकडं माय सुरू, आणि आलेखानं उसळी घेतली!

"आला! आला!" नातू झाल्यासारखे अप्पाराव सर ओरडले.

मॅडम मात्र लॅपटॉपकडं बघतच नव्हत्या. त्या ओट्याकडं बघत होत्या.

"आजी, जरा हात थांबवा." आलेख सपाट.

"थापा." डोंगर.

"थांबवा." सपाट.

"बाई," कडूबाई म्हणाली, "तुम्ही भाकर खाणार हाय का माझी कवायत घेणार हाय?"

मॅडमनी मोटरच बंद केली. "आता थापा, आजी." मोटर बंद, तरी डोंगर हजर. तव्यावरची भाकर फुस्स करून फुगली.

"तुमच्या बेअरिंगला काहीही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "साठ पानं तुम्ही आईवर लिहिलीत."

संघपाल लॅपटॉपसमोर मटकन बसला. सोमवारपासून 'ऋतुराज सर' म्हणायचं, हे त्याच्या तोंडावर छापलेलं दिसत होतं. कडूबाईनं आपलं काम सोडलं नाही. डोंगर उठत होता, संघपाल मेल्या डोळ्यांनी बघत होता, आणि बघता बघता सवयीनं पुटपुटला, "ही कडंला चिरली."

"अगं बया!" कडूबाईचा हात थांबला. "तुला कसं कळलं रे?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ओट्याकडं वळून बघू नका. पुढची सांगा."

"ही मधी पातळ."

कडूबाईनं उजेडात धरली. पातळच होती.

"ही बाजरीची."

पीठ तिनं नुकतंच बदललं होतं.

"ही बन्सीमामाची. मामाला जाड लागती. सहा पूर्णांक दोन मिलिमीटर."

मॅडमनी व्हर्निअर मागून घेतला आणि माझी भाकर मोजली. सहा पूर्णांक दोन. माझ्या जेवणाचं माप असं चारचौघांत आजवर कुणी काढलं नव्हतं.

"थरथरीवरून बिघाड ओळखायचा, हाच विषय होता ना?" मॅडम अप्पाराव सरांना म्हणाल्या. "बेअरिंगचा नाही ओळखला, भाकरीचा ओळखला. विद्या तीच. पास करते. पण आठ दिवसांत ती साठ पानं नव्यानं लिहायची, आणि आईचे आभार पहिल्या पानावर."

"माझ्या भाकरीत खोट काढायला दोन वर्षं कॉलेज शिकला व्हय?" कडूबाई म्हणाली. पण पहिली गरम भाकर तिनं त्याच्याच ताटात टाकली.

जुलैत संघपाल मॅनेजरच्या खुर्चीत बसला. तिसऱ्याच दिवशी ऋतुराज पळत आला.

"सर, नवीन मशीन रोज दुपारी बाराला थरथरतंय. बेअरिंग बदलू?"

"भिंतीपलीकडं काय हाय?"

"कॅन्टीन, सर."

"भाकरी कोण थापतं?"

"गोजरबाई."

"मग बेअरिंगला हात लावू नको," संघपाल म्हणाला. "गुरुवारी गोजरबाईला खिचडी करायला सांग. अन् मशीन बरं झालं का, ते मला येऊन सांग."