चकलीचं डोहाळजेवण

तुम्ही कधी अजगराचं डोहाळजेवण पाहिलंय का? नाही ना? मी पाहिलंय. पाहिलंय म्हणजे काय, माझंच होतं ते!

मी चकली बोलतेय. वेल्समधल्या कार्डिफच्या एका घरात, वरच्या मजल्यावरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये, काचेच्या पेटीत राहणारी. जातीनं मी अजगर आहे, पण घाबरू नका. आमची जात छोटी, इथे तिला रॉयल पायथन म्हणतात. भीती वाटली की मी दुसऱ्या कुणाला विळखा घालत नाही, स्वतःचंच वेटोळं करून डोकं आत लपवते. असल्या भित्र्या प्राण्याला 'रॉयल' का म्हणायचं, ते इंग्रजांनाच ठाऊक.

माझा जन्म गॅरेथच्या शेडमध्ये झाला. गॅरेथ कार्डिफच्या वरच्या डोंगरातल्या एका गावात राहतो. लोक शेडमध्ये गवत कापायचं मशीन ठेवतात, हा साप ठेवतो. माझी काही भावंडं अंड्यातून बाहेर आली ती काळी-तपकिरी, ठिपक्यांची. मी आले ती खरपूस सोनेरी. गॅरेथनं मला तळहातावर घेतलं आणि "डेझर्ट!" म्हणून आनंदानं ओरडला. ते माझ्या रंगाचं नाव, वाळवंटावरून ठेवलेलं. हा रंग माझ्या जीन्समध्येच आहे. रंगाच्या जोडीनं तिथे आणखीही काही दडलंय, हे मला कुठून कळणार? माझे तर अजून डोळेही नीट निवळले नव्हते.

पुढे गॅरेथनं मला सापासरड्यांच्या प्रदर्शनात, रेप्टाइल शोमध्ये विकायला नेलं आणि तिथे यतीननं मला पाहिलं. यतीन कम्प्युटरवाला, मूळ नाशिकचा. घरात साधी केटल घ्यायची तरी हा माणूस आठवडाभर रिव्ह्यू वाचतो. मला पाहून मात्र "वा, काय रंग आहे!" एवढंच म्हणाला आणि कापडी पिशवीत घालून घरी घेऊन आला. त्याची बायको अक्षया हॉस्पिटलमध्ये भुलीची डॉक्टर आहे. पिशवी उघडल्याबरोबर ती म्हणाली, "अगं बाई, चकलीच की ही!" माझं बारसं तिथल्या तिथे झालं.

दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग यतीनच्या आई, अलकाताई, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या. आल्या आल्या त्यांनी ओला नारळ खवून फ्रीझरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो काढायला गेल्या.

"यतीन, हे मटारांशेजारी काय आहे रे?"

"आई, ते चकलीचं जेवण आहे."

"उंदीर? माझ्या नारळाला चिकटून उंदीर?"

त्या संध्याकाळी माझ्या जेवणासाठी गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर आला. नारळ कचऱ्यात गेला. अलकाताईंनी फ्रीझर तीनदा पुसला आणि चौथ्यांदा यतीनला पुसायला लावला.

आम्हा सापांना बाहेरून कान नसतात. जमिनीची थरथर पोटाला कळते, तेवढंच. पण या घरातली माणसं एवढ्या मोठ्यानं बोलतात की मला सगळं पोटातूनच ऐकू येतं.

मग थंडी पडली. यतीन हीटिंग कमी करायचा आणि अक्षया ते वाढवायची, असं दिवसभर चालायचं. माझ्या पेटीला मात्र स्वतःचा दिवा. "या घरात फक्त सापाला उन्हाळा आहे," असं अक्षया म्हणायची. अलकाताईंनी ते ऐकलं. पहिल्या दिवशी त्या बॉक्सरूमच्या दारात उभ्या राहिल्या. मग दाराशी खुर्ची आली. मग खुर्ची पुढे सरकत सरकत माझ्या पेटीला टेकली. शाल, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून त्या माझ्या दिव्याच्या उबेत लसूण सोलू लागल्या.

"तू उलट बोलत नाहीस, हे फार बरं आहे," असं त्या मला म्हणायच्या. हळूहळू सगळंच सांगू लागल्या. त्यांच्या तरुणपणी मुली पाहायला यायचे ते आधी रंगच विचारायचे. त्या सावळ्या. कितीतरी जण पोहे खाऊन, मिशा पुसून निघून गेले. "पोहे मात्र कुणी नाकारले नाहीत हो," असं म्हणून त्या हसल्या. मी जीभ बाहेर काढून दाखवली. मला तेवढंच जमतं.

एके दिवशी यतीन लॅपटॉप घेऊन आला. "आई, हे बघ. यात नर आणि मादीचे जीन्स भरले की कुठल्या रंगाची किती पिल्लं होतील ते येतं."

"म्हणजे पत्रिकाच की!"

"पत्रिका नाही गं, सायन्स आहे."

"असू दे. गुण किती जुळले ते सांग."

"फुल मार्क्स! गॅरेथचा डेव्ह आहे ना, लिंबासारखा पिवळा? चकलीला त्याच्यापासून अशी पिल्लं होतील, आई, अख्ख्या वेल्समध्ये कुणाकडे नसतील."

डेव्ह आला. अलकाताई दारात उभं राहून न्याहाळत होत्या. "मुलगा शांत वाटतो," असा त्यांनी शेरा मारला. शांत कसला, तो आल्या आल्या माझ्या पाण्याच्या भांड्यात शिरला आणि झोपला. पुढचं मी सांगणार नाही. घरात मोठी माणसं होती.

काही आठवड्यांनी माझं अंग जड झालं. व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, स्कॅन झाला. डॉक्टर रीअन म्हणाल्या, "फॉलिकल्स वाढताहेत, म्हणजे अंडी तयार होताहेत. पण अंडी नीट धरतील की नाही, ते आत्ताच सांगता येणार नाही." यतीननं त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं तिथेच सोडून घरी आला. अलकाताईंनी लगेच इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमच्याकडे गोड बातमी आहे. शनिवारी डोहाळजेवण. सर्वांनी यावे.' अक्षया ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडते तर तिच्या फोनवर अभिनंदनाचा पाऊस!

"आई, निदान कोणाला दिवस गेलेत ते तरी लिहायचं होतं!"

"शनिवारी कळलंच असतं की!"

शनिवारी काय थाट होता म्हणून सांगू! मला साडी नेसवता येईना, म्हणून पेटीभोवती हिरवा खण गुंडाळला. सुपरमार्केटमधल्या फुलांची वेणी झाकणावर ठेवली. चैत्राली आणि ईशानी, अक्षयाच्या मैत्रिणी, नटूनथटून आल्या होत्या. पेढा की बर्फी हा खेळही झाला. दोन झाकलेल्या वाट्या माझ्यापुढे ठेवल्या, आणि मी दिव्याजवळच्या वाटीला वेटोळं घातलं, कारण ती कोमट होती. निघाली बर्फी. "मुलगी, मुलगी!" बायकांनी टाळ्या पिटल्या. एकच मुलगी कशी होईल, असं मला विचारायचं होतं.

"मुलाकडचं कुणीतरी हवंच," असा अलकाताईंचा हट्ट होता, म्हणून गॅरेथलाही बोलावलं होतं. तो बिचारा रग्बीची जर्सी घालून, कपाळाला कुंकू लावून, खाली सोफ्याच्या टोकावर बटाटेवडा खात बसला होता. कसली पार्टी आहे ते त्याला धड माहीत नव्हतं. वर येऊन त्यानं खणात गुंडाळलेली पेटी पाहिली आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"यतीन, तू डेव्हला हिच्यासाठी नेलं होतंस?"

"हो. का?"

"मला वाटलं तुझ्याकडे दुसरी मादी असेल! डेझर्ट रंगाच्या मुली मी कधीच नराजवळ ठेवत नाही, मित्रा. या रंगाचे मुलगे ठीक असतात. मुलींची अंडी धरत नाहीत. पोकळ निघतात, नाहीतर आत अडकतात. माझी एक त्यातच गेली."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू फक्त रंगाचंच विचारलंस."

"काय म्हणतोय तो?" अलकाताईंनी विचारलं. "अक्षया, सांग ना गं."

अक्षयानं सांगितलं. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी इतकं हळू बोललं की माझ्या पोटाला काही कळलं नाही. अलकाताईंचा हात काचेवर टेकला, तेवढं कळलं.

"एवढं सगळं जुळवलंस," त्या यतीनला म्हणाल्या. "पिल्लांचा रंग विचारलास. मुलीची तब्येत नाही विचारलीस? आणि मी मेली बर्फी थापत बसले."

चैत्रालीनं चाचरत विचारलं, "काकू, मग आता... ओटी भरायची की नको?"

"भरायची. आता तर भरायलाच हवी."

पेटीत नारळ मावेना, म्हणून झाकणावर ठेवला. गॅरेथनं जर्सीच्या बाहीनं नाक पुसलं.

त्याचं खरं निघालं. पुढच्या आठवड्यात मी अंडी घातली ती पिवळी, टणक, सुकलेल्या लिंबाएवढी. आणि एक आत अडकलं. माझ्यात ताकद उरली नाही. मला डब्यात घालून व्हेटकडे नेलं. डब्यावर अलकाताईंनी अंगारा लावला होता. वेटिंग रूममध्ये एका लॅब्रॅडॉरनं तो चाटला, तर त्यांनी त्याच्याही कपाळाला लावला. अक्षया दिवसभर माणसांना भूल देते, पण त्या दिवशी कुत्र्यामांजरांच्या रांगेत बसून तिनं माझा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

डॉक्टर रीअन म्हणाल्या, "अडकलेलं अंडं काढायलाच हवं. माझ्या मते अंडाशयही काढावं, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही."

यतीनच्या तोंडून निघून गेलं, "पण मग पुन्हा कधीच..."

"यतीन!" अलकाताई कडाडल्या. त्या एका शब्दाला भाषांतर लागलं नाही. डॉक्टरही दचकल्या आणि लॅब्रॅडॉर खाली बसला. यतीननं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काढा. तिला वाचवा फक्त."

मी वाचले. पण घरी आले ती जेवेनाच. टाक्यांची जखम भरत आली. "आता तिनं खायला हवं, नाहीतर कठीण आहे," असं डॉक्टर म्हणाल्या. यतीन रोज उंदीर कोमट करून पुढे धरायचा, आणि मी तोंड फिरवायची. तो माझ्यापुढे मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "सॉरी, चकली." लॅपटॉप त्यानं पुन्हा वर आणला नाही.

मला राग नव्हता हो. रंग मलाही आवडतो माझा. तुम्हालाही कुणाचा रंग आवडला तर खुशाल कौतुक करा. फक्त आणखी एक प्रश्न विचारा, की हा रंग अंगावर घेऊन जगताना तिला काही त्रास होतो का. तो प्रश्न विचारायला लॅपटॉप लागत नाही. आमच्यासारख्या मुक्यांसाठी एवढं कराल ना?

अलकाताईंची परत जायची वेळ जवळ आली. बॅगा भरून झाल्या. संध्याकाळी त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. लसूण नव्हता हातात.

"मी जाणार आणि तू अशी उपाशी राहणार?" त्या काचेजवळ येऊन म्हणाल्या. "या आजीनं जन्मात अंडंसुद्धा हातात धरलेलं नाही, ठाऊक आहे का तुला? थांब, उद्या बघते तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अलकाताईंनी डोळे घट्ट मिटून, पापड भाजायच्या चिमट्यानं मला उंदीर भरवला, आणि मी तो खाल्ला.